झारी न पोचलेला कोपरा

आमची मावशी भारी फटकळ. संशोधन केंद्राचा प्लॉट ती राखायची. तिथल्या मातीवर कुणाचा पाय पडला, की साहेब असो नाहीतर स्वतःची सून, खरडपट्टी ठरलेली. ये-जा करायची ती विटांवर टाकलेल्या फळ्यांवरूनच. "खाली जीव आहे, डोळे फुटले का?" म्हणून ओरडायची.

जीव म्हणजे मातीवर धरलेली काळपट साय. शेवाळाची आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांची. ती मातीचे कण घट्ट धरून ठेवते, मग वाऱ्याचं काही चालत नाही. प्रयोगशाळेत वाढवून ती इथे पेरली होती. टिकली, तर आमच्या वस्तीमागच्या उतारावर पेरायची असं ठरलं होतं. त्या उताराची वाळू दरवर्षी पुढे सरकत होती. मावशीचं मागचं दार तर उघडेनासंच झालं होतं.

उन्हाळ्यात साय करडी पडली. बोट लावलं की भुगा. केंद्राच्या शास्त्रज्ञ बाईंचा चेहरा उतरला. तपासायला समिती आली. केंद्राची जीप मी चालवतो, त्यामुळे त्या लोकांना मीच आणलं. वाटेतच एक साहेब म्हणाले, "इथे हे चालायचं नाही. गुंडाळा आता."

प्लॉटवर मावशी फळीवर उभी होती. साहेबांनी प्रयोग बंद करायचं जाहीर केलं आणि ते वळले.

"बाई," मावशी एकदम म्हणाली, "मी पाणी घालत होते."

"काय?"

"थोडंसंच हो. रोज दुपारी, झारीने. एवढं ऊन, बघवत नव्हतं मला."

बाईंनी कपाळावर हात मारला. "नको म्हणून किती वेळा सांगितलं होतं! कोरडी असली की ती झोपलेली असते, उन्हाने तिला काही होत नाही. पाणी पडलं की जागी होते, साठवलेलं खायला लागते. नवं अन्न बनवायच्या आत पाणी उडून जातं. रोज उठवलंत आणि उपाशी झोपवलंत तिला."

"बरं निमित्त सापडलं," साहेब हसले.

मावशी भडकली. "नोकरी जाणार, कळतंय मला. खोटं कशाला बोलू? तो भिंतीकडचा कोपरा बघा. फळी तिथवर नाही, झारी पोचत नव्हती."

मी धावत जाऊन एक फळी आणून जोडली. बाई तिच्यावर पालथ्या झोपल्या. आधी अलीकडच्या सायीवर पाण्याचे थेंब सोडले. करडीची करडीच. मग कोपऱ्यात. मावशीने माझं मनगट इतकं आवळलं की कळ आली. आणि बघता बघता तो कोपरा हिरवा झाला! साहेब वाकून बघतच राहिले.

उतार मंजूर झाला. मावशीला मात्र काढलं. बाई म्हणाल्या, माझा नाइलाज आहे. मला ते अजून पटलेलं नाही.

आता उतारावर साय धरली आहे. दारापुढची वाळू एकदा उपसली ती परत आली नाही, मावशीचं मागचं दार उघडतं. तिथे बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्यावर तशीच खेकसते. परवा ऊन नुसतं भाजत होतं. पाय धुवायला मी झारी मागितली.

"भंगारात दिली," उताराकडे बघत ती म्हणाली. "घरात असती तर हात आवरला नसता माझा."