शिराझ आणि दादाची जीभ

बारामतीजवळच्या एका वायनरीत मी आलेल्या पाहुण्यांना वाइन चाखायला देते. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, इंदापूरकडच्या आमच्या रानात त्याच वायनरीसाठी शिराझ पिकवायचा. शिराझ म्हणजे बारीक मण्याचं, जाड सालीचं काळं द्राक्ष. नुसतं खायला त्यात काही मजा नाही. वाइन मात्र गडद, दाट आणि तुरट होते, तिला मिऱ्याचा वास असतो. हे मला दादानंच शिकवलं. पाहुण्यांना वाइनबरोबर चीज द्यायची पद्धत होती. दादा म्हणायचा, "भाजल्या खोबऱ्याचं मटण सांग त्यास्नी, पण तिखट बेतानं. लई तिखटासंगं ही वाइन नुसती जाळती. आन् मासळीसंगं देऊच नगं, तोंडाला लोखंड चाटल्यागत हुतं." मी अजूनही हेच सांगते.

तोडणीचा दिवस तोच ठरवायचा. द्राक्षातली साखर यंत्रावर कळते, पण दादा साल चघळायचा, बी दाताखाली फोडायचा आणि थुंकून म्हणायचा, "आनखी चार दिस." वायनरीतले शिकलेले लोकही मग थांबायचे.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत त्याला ताप आला. आठवड्यात तो उतरला. पुढं फेब्रुवारीत आम्ही दोघं बागेत होतो. दादानं एक मणी चावला, मग दुसरा, मग तिसरा. शेवटी घड माझ्यापुढं धरला. "तूच बघ बरं."

मला वाटलं, परीक्षा घेतोय. "कच्चं लागतंय," मी म्हटलं.

"व्हय, मलाबी तसंच वाटलं."

त्याच दुपारी वहिनी आमटीत मीठ घालायला विसरली. मी पहिल्या घासालाच थांबले. दादा भुरके मारत होता. वहिनीनं विचारलं, "कशी झालीय?"

"झ्याक."

मी त्याला गोठ्यामागं गाठलं. "दादा, कधीपासनं?"

"तापापासनं. वास न्हाय, चव न्हाय. यील म्हणत्यात." तो खाली बघत होता. "कुणाला सांगू नगंस."

त्या वर्षी चव मी घेतली आणि निर्णय वायनरीला त्यानं सांगितला. आठवड्यानं मी "झालं तयार" म्हटलं, तोडणी झाली. मी घाई केली होती. वाइन पिंपातून काढली तेव्हा तिला हिरव्या देठाची चव होती. वायनरीतल्यांनी दादाला बोलावलं. तो म्हणाला, "माझाच अंदाज चुकला." मी तिथंच ग्लास पुसत उभी होते. पुसलेलाच ग्लास मी पुन्हा पुसायला घेतला. नोकरीची भीती होती की लाज, ते मला अजून सांगता येत नाही.

पुढच्या हंगामाला बाग बघायला वायनरीकडून दुसरा माणूस आला. दादाची चव परतली नव्हती; तो नुसता बांधावर उभा राहायचा. यंदा त्यानं ऊस लावायचं ठरवलं आणि वेली उपटल्या. त्या दिवशी मी रजा काढून गेले.

"दादा, ती तोडणी मी चुकवली. मी सांगते त्यांना."

"आता कशाला?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. मग तो वेलींच्या मांडवाच्या तारा गुंडाळायला गेला. दुसरं टोक धरायला त्यानं मला बोलावलं नाही.