गोकर्णीच्या वेलासाठी निळं कापड

नेवाशात आमच्या मागच्या गल्लीत केशरबाई राहतात. सत्तरीच्या आसपासच्या असतील. नेमकं साल त्यांनाही ठाऊक नाही. गल्लीतल्या बहुतेक घरांत त्यांच्या हातची गोधडी आहे. जुनी लुगडी, धोतरं, शाळेचे गणवेश, जे मिळेल ते एकावर एक अंथरायचं आणि धावदोऱ्याने शिवत जायचं. माझे यजमान गेले त्या वर्षी त्या रोज दुपारी शिवण घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसायच्या. सांत्वनाचं एक अक्षर बोलल्या नाहीत. मी सुईत दोरा ओवून द्यायची आणि त्या शिवायच्या. त्यांच्यामुळे मला ते दिवस काढता आले.

गेल्या दिवाळीत त्यांची नात संस्कृती आली. तिने नगरला फ्लॅट घेतला आहे.

"आजी, मला भिंतीवर लावायला गोधडी शिवून दे. फुलांची."

"भितीला थंडी वाजती व्हय गं?" केशरबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या त्या हरखूनच. "वहिनी, जल्मभर शिवलं ते लोकांच्या अंगाखाली गेलं. ही एक तरी भितीवर ऱ्हाईल. लोक मान वर करून बघतील."

पांढऱ्या कापडावर रंगीत तुकडे जोडून गोकर्णीचा वेल काढायचं ठरलं. त्यांच्या कुंपणावर गोकर्णी आहेच. आणि या गोधडीला चिंध्या नकोत, सगळं कापड नवं हवं.

आम्ही बाजारपेठेत कल्याणशेठच्या दुकानात गेलो. पांढरं लगेच मिळालं, निळ्यापाशी मात्र घोडं अडलं. शेठने टू बाय टूची थानं काढली, पॉपलीन काढलं. केशरबाई प्रत्येकाला नाक मुरडत होत्या.

"हे काळं हाय."

"मावशी, हा चांगला निळा आहे."

"निळं म्हंजी निळं पायजे. आजकाल कंपन्यांना निळा रंगच जमंना."

शाळेत आम्हाला शिवण शिकवणाऱ्या सिस्टर कापडाचा रंग दिव्याखाली कधी ठरवू देत नसत, खिडकीपाशी नेऊन बघायला लावत. मी त्या सवयीने कापड दुकानाच्या पायरीवर नेऊन पाहिलं. छान निळं होतं. पण ज्याची त्याची आवड, म्हणून मी बोलले नाही. असे आमचे चार फेरे झाले. शेठ शेवटी म्हणाले, "मावशी, आता आभाळच कापून आणतो."

मग केशरबाईंनी ठरवलं, निळं मिळेपर्यंत पानं तरी कापून ठेवू. हिरवं कापड त्यांनी एकटीनेच जाऊन स्वतः निवडून आणलं आणि एका दुपारी माझ्या ओट्यावर पानं मांडली.

"बघा, कशी हिरवीगार!"

मी बघतच राहिले. एकूण एक पान फिकं निळं होतं. हिरव्याची छटासुद्धा नव्हती.

"फूलबी दावते तुमाला," म्हणून त्या मला कुंपणापाशी घेऊन गेल्या. "बोअरचं पानी खारं झालंय, त्यानं फुलं काळी पडाया लागली." वेलावर गोकर्णी नेहमीसारखीच निळीशार फुलली होती.

मी जपून म्हटलं, "केशरबाई, फुलं निळीच आहेत. पानंही निळ्या कापडाची कापली गेलीत. डोळे एकदा दाखवू या."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी मी आंधळी? सरळ म्हना की, हिचा हात गेला." त्यांनी पानं पदरात गोळा केली आणि घरात निघून गेल्या.

त्यांची भीती मला माहीत होती. त्यांच्या आईचा मोतीबिंदू काढला होता, पण नजर आली नव्हती. आहे ते अंधुक तरी राहू दे, असं त्या नेहमी म्हणत. डोळाच गेला तर नुसती ही गोधडी नाही, शिवणच संपणार होतं.

त्या आठवडाभर फिरकल्या नाहीत. मग एका सकाळी दारात उभ्या राहिल्या. एका हातात फूल होतं, दुसऱ्या हातात कापडाचं पान.

"सगळ्या गल्लीला इचारलं. फूल निळं, कापडबी निळं. ह्या गल्लीचं आजवर कशावर एकमत झालं न्हाई, माझ्या डोळ्यावर झालं!" त्या हसल्या, मग म्हणाल्या, "तुमी संगं येताल का?"

मी आणि संस्कृती, दोघी त्यांच्याबरोबर नगरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, आधी उजव्याचं ऑपरेशन ठरलं. त्यांना आत नेईपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. त्या संस्कृतीकडे बघून म्हणाल्या, "गालावर तीळ कवापासून हाय गं तुला?"

"कॉलेजात असल्यापासून, आजी."

तेव्हा मात्र मलाच रडू आलं.

घरी आल्यावर ती पानं बघून त्या इतक्या हसल्या की संस्कृती ओरडली, "आजी, डोळ्याला पाणी येऊ देऊ नकोस!" पानं वाया गेली नाहीत. कडा कातरून त्यांनी त्यांच्या कळ्या केल्या.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आम्ही पुन्हा कल्याणशेठकडे गेलो. केशरबाई काळा चष्मा कपाळावर सरकवून कापड घेऊन थेट पायरीवर गेल्या. दोन निळे निवडले, पाकळीला गडद आणि आतल्या बाजूला फिका.

शेठ म्हणाले, "मावशी, हेच तर चार वेळा दाखवलं होतं!"

"तवा तुमी दावलं. बघितलं मी आज."

सध्या माझ्या ओट्यावर गोधडीवरचा वेल अर्ध्यापर्यंत आला आहे. सुईत दोरा त्या आता स्वतःच ओवतात, मला हात लावू देत नाहीत. मला त्याचा आनंदच आहे. मी शेजारी बसून पाकळ्या कापून देते. काल शिवता शिवता त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा, आणि मला म्हणाल्या, "ह्यो डावा लई लबाड हाय, वहिनी. ह्याची तारीख कवाची घ्यायची?"