कार्डावरची आत्या

पोरीची किडनी फुगली आहे हे आम्हाले शनिवारी कळलं, अन् सोमवारी कळलं की कागदावर ती आमची कोणीच नाही.

सहा वर्षांची होती तेव्हा. ताप येई अन् जाई, पोटाच्या एका बाजूले हात धरून बसे. मी ओवा दिला, बेंबीले हिंग लावला, शाळा बुडवायचे बहाणे म्हणून ओरडलीही. मग सोनोग्राफी झाली. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं की किडनीतून लघवी उतरायची नळी अरुंद आहे, पाणी आतच साचून राहिलं आहे, ऑपरेशन करावंच लागेल. "जल्दी करवा लीजिए, देर होगी तो किडनी जाएगी." खर्चाचं विचारलं तर म्हणाल्या, "कार्ड है ना? बच्चों का तो कार्ड में हो जाता है."

कार्ड म्हणजे सरकारी विम्याचं, मोफत इलाजाचं. रायपुरात ते ज्याच्या-त्याच्याकडे आहे. रेशनकार्डात लेकराचं नाव असलं की त्याचं इलाजाचं कार्ड बनते, अन् गरिबाचं रेशनकार्ड असलं तर मोठं ऑपरेशनही त्यात बसते. आमचं रेशनकार्ड वरच्या गटातलं. काहून, तर आमचे हे नव्या रायपुरात एका सरकारी हापिसात बसतात. बसतात ठेक्यावर, पगार होते ठेकेदाराच्या मर्जीनं, दवाखान्याचा खर्च देणारं तिथं कोणी नाही. पण दुरून पाहणाऱ्याले सरकारी नोकरीच दिसते. त्या कार्डावर विमा मिळते तो चिमूटभर, अन् पोरीचं नाव तर त्यातही नव्हतं.

ती माझ्या पोटची नाही. माझ्या धाकट्या भावाची आहे.

भाऊ बीरगावात राहते, लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर काम करते. माझी लेकरं पोटातच गेली. डॉक्टर झाले, जडीबुटी झाली, लोकांचे टोमणेही ऐकून झाले. भावाले पहिला पोट्टा होता, त्याच्या पाठीवर ही झाली. अन् भावानं-वहिनीनं ती माझ्या ओटीत घातली. पौर्णिमेचा दिवस होता. विहारात सतरंजीवर आमची सारी भंडारा-गोंदियाकडची म्हातारी मंडळी बसली होती. वहिनीनं लेकरू माझ्या पदरात ठेवलं, सगळे "साधू, साधू, साधू" म्हणाले, खीर वाटली, झालं. आमच्यात असंच होते. बहीणभावात कागद मागणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. कोर्टात नोकरी केलेले एक काका म्हणाले होते, "पोट्टी दिली ते चांगलं केलं, पण गोदनामा करून टाका, दत्तकाचा पक्का कागद." तर माझी आईच त्यांच्यावर उखडली. "घरातल्या घरात कोरट काहून?" काका गप खीर खात बसले.

वहिनीनं मात्र एक केलं. थोड्याच दिवसांनी भावाले पाठवून पोरीचं नाव आपल्या रेशनकार्डातून कापून घेतलं. मले म्हणाली, "ताई, नाव राहिलं तर माझा जीवही तिथंच राहील." मी तिच्या गळ्यात पडून रडली. केवढं मोठं मन, म्हटलं. तिकडून नाव कापलं, अन् इकडं लावायले पाहिजे होता गोदनामा, जो मागायची कोणाची छाती नव्हती. इतकी वर्षं पोट्टी ना घरची ना घाटची राहिली, अन् आम्ही सारे आपापल्या जागी खुश.

दवाखान्यात योजनेचा वेगळा काउंटर आहे. तिथल्या माणसानं पोरीचं आधार पाहिलं. त्यावर बापाच्या जागी माझ्या भावाचं नाव.

"आप कौन?"

"मम्मी."

"इनकी पत्नी हैं?"

"भाऊ आहे तो माझा," मी मराठीतच बोलली. रागात मले हिंदी सुचत नाही. हे मधे पडले, सारं समजावून सांगितलं. तो माणूस ऐकून घेऊन म्हणाला, "दीदी, जिनकी बच्ची है उन्हीं के कार्ड में नाम जुड़वा लो, जल्दी हो जाएगा. गोदनामा बनवाने बैठोगे तो बहुत टाइम लगेगा, और फिर भी आपके कार्ड में ये ऑपरेशन पूरा नहीं बैठेगा." मी त्याले नाही नाही ते बोलली. तुझ्या घरी लेकरं नाहीत का, म्हटलं. तो बिचारा सरळच सांगून राहिला होता. पण त्या दिवशी मले "जिनकी बच्ची है" हे तीन शब्द असे झोंबले की समोर कोणीही असता तरी मी त्याले सोडलं नसतं.

भाऊ ठेकेदाराची बोलणी खाऊन सुट्टी घेऊन आला. वहिनी आली. सरकारी कागद बनवणाऱ्या च्वाइस सेंटरमधे जाऊन त्यांनी पोरीचं नाव पुन्हा आपल्या कार्डात लावायले दिलं. मी बाहेर ऑटोत बसून होती. काचेतून दिसत होतं, वहिनी मशीनवर अंगठा ठेवून राहिली होती, तो उमटत नव्हता, ती पदराले पुसून पुन्हा ठेवत होती. भांडी घासून घासून तिच्या बोटाच्या रेषा गेल्या आहेत. मनात आलं, न उमटो. अन् लगेच स्वतःचीच भीती वाटली. पोरीची किडनी त्या अंगठ्यावर अडली होती, अन् मी काय मागून राहिली होती? शेवटी उमटला. नाव चढलं, पाठोपाठ इलाजाचं कार्डही बनलं.

आता पोरीले कोण सांगणार? ती भावाले मामा म्हणे, वहिनीले मामी. आपल्याले ओटीत दिलं हे तिले ठाऊक नव्हतं. मोठी झाली की सांगू, असं आम्ही ठरवून ठेवलं होतं. भरतीच्या आदल्या दिवशी मी तिले जवळ घेतलं. "दवाखान्यात मले आत्या म्हणायचं, अन् मामीले मम्मी."

"काहून?"

"तिथला नियम आहे."

"नाटक करायचं का?"

"हव, नाटक."

तिले ते भलतंच आवडलं. दुपारभर घरात फिरत राहिली, "आत्या, पाणी दे, आत्या, टीव्ही लाव," अन् खिदळत राहिली. पोट दुखत होतं तरी खिदळत होती. हेही हसले. मी भांड्यांवर राग काढला. "नाटक तिथं करायचं, घरात नाही," म्हटलं, तर घाबरली. मग मीच तिच्या केसांवरून हात फिरवला.

भरतीच्या वेळी त्याच माणसानं फोटो काढले, सगळ्यांचे कागद जुळवले. मग प्रेमानंच पोरीले विचारलं, "बेटा, मम्मी कौन है?"

पोरीनं पहिले माझ्याकडं पाहिलं. बरोबर चाललं आहे ना, असं. मीच मान हलवली. मग तिनं वहिनीकडं बोट केलं.

वॉर्डात एकच माणूस राहू देतात, अन् लेकराबरोबर आईच. फोटोचा पास वहिनीच्या गळ्यात. मी बाहेर पाण्याच्या मशीनजवळ बाकावर. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टरीण बाईंनी स्वतः बाहेर येऊन सांगितलं. मी त्यांचे हात धरले. त्यांनी मले विचारलं, "आप बच्ची की बुआ हैं ना?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणू?

थोड्या वेळानं नर्स दारात आली. "बच्ची मम्मी को बुला रही है."

मी उठली. वहिनी डबा खायले म्हणून बाहेर आली होती, तीही उठली. आम्ही दोघी दाराशी, अन् गार्ड बाई पास पाहते. मी मागं सरकली. वहिनी आत गेली अन् लगेच परतली. तिचा चेहरा उतरलेला.

"काय झालं? बोलत काहून नाही?"

"काही नाही, ताई. बरी आहे." मग म्हणाली, "डोळे मिटलेलेच होते. मी हात धरला, तर म्हणाली, हा नाही. मम्मीचा हात दे." तिनं पास गळ्यातून काढला अन् माझ्या गळ्यात घालू लागली. "तुम्ही जा. मी नाही जाऊ शकत."

गार्ड बाईनं हात आडवा केला. फोटो दुसऱ्याचा आहे, म्हणाली. मग माझं डोकं फिरलं. मी त्या कॉरिडोरमधे ओरडली, "मैं हूँ मम्मी, मैंने पाला है." लोक आपापल्या बाकावरून मान वर करून पाहू लागले. योजनेच्या काउंटरवरचा माणूसही उठून उभा राहिला. भावानं माझा दंड धरला अन् हळूच म्हणाला, "ताई, कार्ड अटकलं तर?"

मी पास वहिनीच्या गळ्यात परत घातला, तिच्या पाठीवर हात ठेवून तिले आत ढकललं. खरं सांगते, मले त्या वेळी तिचा राग आला. तिनं काय वाईट केलं होतं? पहिले लेकरू दिलं, मग किडनी वाचवायले नाव दिलं, रोजी बुडवून वॉर्डात फरशीवर झोपली. तरी आला. आपलेच दात, आपलेच ओठ.

पोट्टी बरी झाली. आता धावते, खाते, भांडते, शाळेतून तक्रारी आणते. पण तपासणी अजून चालू आहे. दर काही महिन्यांनी फोटो काढा, किडनी पहा, अन् सारं त्याच कार्डावर. मी वकिलाकडं जाऊन आली. गोदनामा करता येते, म्हणाले, पण केला की तिचं नाव भावाच्या कार्डातून निघेल. पुढं काही निघालं तर काय कराल? इलाज पुरा होऊ द्या. हे म्हणतात, थांबू. भाऊ म्हणते, तुम्ही म्हणाल तसं. म्हणून थांबलो आहोत.

दरवेळी दवाखान्यात वहिनी येते अन् पोट्टी माझी ओळख आत्या म्हणून देते. पहिले नाटकाची मजा वाटे, मग मजा गेली. मागच्या खेपेले कोणी विचारायच्या आतच ती नव्या नर्सले म्हणाली, "ये मेरी बुआ है." अशी सवयीनं म्हणाली की मले धक्का बसला. घरी आल्यावर हे म्हणाले, "आता सांगून टाक. तिले सारं समजून राहिलं आहे."

रविवारी दुपारी तिचं डोकं धुतलं अन् अंगणात विंचरायले बसवलं. तिची पाठ माझ्याकडं होती म्हणून सांगता आलं. सारं चांगलं चांगलंच सांगितलं. तू मामीच्या पोटात होती, मग माझ्या ओटीत आली. पौर्णिमा होती, विहारात सारे होते, सगळ्यांनी साधू म्हटलं, खीर वाटली. मले लेकरू नव्हतं, मी फार रडत होती, म्हणून मामा-मामीनं तुले दिलं. कोणी देत नाही असं, म्हटलं. फार मोठं मन लागते.

ती ऐकत राहिली. रडली नाही. मले वाटलं, जमलं.

मग तिनं विचारलं, "बीरगावचा दादा पण मामीच्याच पोटातून आला?"

"हव."

"मग त्याले काहून नाही दिलं?"

मी म्हणणार होती की तो पहिला होता, मोठा झाला होता, मामाले तेव्हा... काय तेव्हा? वहिनीनं, भावानं, विहारात बसलेल्या त्या साऱ्यांनी, अन् पदर पसरून बसलेल्या मीसुद्धा, त्या दिवशी हे विचारलं नव्हतं.

तिनं मग माझ्या हातातून कंगवा घेतला.

"राहू दे," म्हणाली, "मी करते माझं." तिले अजून नीट विंचरता येत नाही.