बाबासो गुरुजींचं गप बसणं

मलकापूरच्या अलीकडं आमचं गाव. तिथं बातमी फुटली, की बाबासो गुरुजींना नापास करून चौथीच्या मागच्या बाकावर बसवलंय. शालूबाईंनी डेअरीत किटली टेकवता टेकवताच सांगितलं, "माझ्या डोळ्यानं बघितलं बाई! गुडघं पार हनुवटीला टेकल्यात, आन् एक पोरगी त्यास्नी शिकवायला लागल्या!"

खरं एवढंच, की गुरुजी आपल्याच वर्गात मागं आपणहून बसले होते. आणि ती 'पोरगी' म्हणजे निशिगंधा मॅडम. हुशार मुलं वेगळी काढायची नाहीत, अख्ख्या वर्गालाच अवघड कोडी घालायची, मुलांनी ती गटानं सोडवायची, हे त्यांचं काम. त्यासाठी त्या दर मंगळवारी येतात. एका शिक्षकानं शिकवायचं आणि दुसऱ्यानं मागं बसून कुणाचं डोकं कसं चालतंय ते बघायचं.

अडचण होती गुरुजींच्या तोंडाची. मी त्यांच्याच हाताखालून गेलोय, आता अकरावीला आहे, आणि तो आवाज मला झोपेतही काढता येतो. "सांगा रं, आठ साते किती? छप्पन्न! शाब्बास की रं वाघांनो!" प्रश्न त्यांचा, उत्तरही त्यांचंच, शाबासकी तेवढी आमची.

पहिल्याच मंगळवारी मॅडम त्यांच्या त्या साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, एक सांगू? ती यल्लव्वा दरवेळी तोंड उघडते, आणि तुमचं उत्तर ऐकून मिटून घेते."

गुरुजींचा चहा तसाच गार झाला. पहिलीपासून त्या पोरीला ते 'गरीब हाय, पण डोक्यात काय शिरत न्हाय' म्हणत आले होते.

"मे महिन्यात मी रिटायर," ते मला म्हणाले. "त्याच्या आत तिच्या तोंडनं एक तरी उत्तर ऐकायचं हाय मला. मंगळवारी मी बोलणारच न्हाय."

मला हसू आवरेना. "तुम्ही? घंटा हुईपर्यंत गप? लावा पैज!"

"लाव की! बोललो तर माझी फटफटी दिवसभर तुझी. न्हाय बोललो तर फुडच्या मंगळवारी तू हितं माझ्याशेजारी. तोंड शिवून!"

मंगळवारी मी खिडकीत हजर. मॅडमनी फळ्यावर लिहिलं: पंधरा पैलवान. हरला तो घरी. शेवटी एकच राहणार. कुस्त्या किती?

पहिल्या नंबरचा धैर्यशील लगेच जोड्या लावायला बसला. "सात जोड्या. आन् ह्यो एक उरला की! ह्याचं काय करायचं?"

"त्याला च्या पाज," गटातला एकजण म्हणाला. झालं, भांडण जुंपलं. त्यांच्यातच बसलेली यल्लव्वा फरशीवर बोटानं काहीतरी गिरवत होती.

मागं गुरुजींचे हाल बघवत नव्हते. उत्तर गळ्यापर्यंत आलेलं बाहेरून दिसत होतं. मान लाल, मिशा थरथरतायत. मी खिडकीतून खुणावलं, सांगा की! त्यांनी खिशातला रुमाल काढून अख्खा तोंडात कोंबला.

यल्लव्वानं तोंड उघडलं. गुरुजी ताडकन उठायला गेले, गुडघ्यांत अडकलेला बाकही वर उचलला गेला. बाकासकट परत बसले.

"चौदा," ती म्हणाली.

"कशावरनं?" धैर्यशील गुरगुरला.

"एकजण सोडून सगळी हरत्यात की. एका कुस्तीत एकच हरतो. मग जोड्या कशाला लावाय बसलाईस?"

धैर्यशीलनं बोटांवर मोजून बघितलं. मग "आयला, बरोबर हाय की!" म्हणत तो बाकीच्यांना समजावायला धावला, आणि तिथं चुकला तशी यल्लव्वा त्याची बाही ओढून सांगायला लागली. एकदा सुरू झाली ती थांबेचना. मॅडमनी मागं बघितलं. गुरुजींच्या तोंडात रुमाल, डोळ्यांत पाणी, आणि घंटा काही होईना.

झाली एकदाची. रुमाल बाहेर आला आणि मागोमाग असा काही "शाब्बास!" आला, की तो मलकापूरच्या स्टँडवर ऐकू गेला असणार.

बाहेर येऊन त्यांनी फटफटीची किल्ली माझ्या नाकासमोर नाचवली आणि परत खिशात टाकली.

"मंगळवारी येळेत ये, पावणं. रुमाल घिऊन ये. जरा मोठा बघ."