दह्याचं बोट

कुत्रा बारा वर्षांचा झाला आणि त्याच्या तोंडाला वास यायला लागला. म्हातारपण म्हणून मी सोडून दिलं. माझ्या तरी तोंडाला कुठे केवड्याचा वास येतोय? पण तो भाकरीचा तुकडा तोंडात घेऊन पुन्हा खाली टाकायला लागला, तेव्हा मेढ्याहून साताऱ्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेला.

त्यांनी त्याचा ओठ वर करून दाखवला. दातांवर काळंपिवळं कीटण, हिरड्यांतून रक्त. "काका, हे जागेपणी साफ करता येत नाही. भूल द्यावी लागेल. वय झालंय, थोडा धोका आहे, पण हृदय आत्ता ठीक वाटतंय. असंच ठेवलं तर रोज दुखत राहणार."

भुलीचं मला भारी भय. बायकोला ऑपरेशनला सांगलीला नेलं तेव्हा निघताना ती म्हणाली होती, "आवं, जिभंला दह्याचं बोट तरी लावा." घरातलं कुणीही मोठ्या कामाला निघालं की तीच हातावर दही-साखर ठेवायची. डॉक्टरांनी उपाशी राहायला सांगितलंय, म्हणून मी तिच्यावर डाफरलो. ती तशीच गेली आणि भुलीतून उठली नाही. त्यात दह्याचा काही संबंध नव्हता, हे मला कळतं.

कुत्र्याचा दिवस आला. रात्रीपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. निघताना तो उंबऱ्यात थांबून माझ्याकडे बघत राहिला. मी आत जाऊन वाटीत दही-साखर कालवली. एक बोट चाटवायचं होतं, सगळी वाटी गेली.

"सकाळपासून काही दिलं नाही ना?" बाईंनी विचारलं. खोटं बोलवेना.

"मग आज नको काका. भुलीत उलटी झाली तर श्वासात जाईल. पुढच्या सोमवारी आणा."

परत येताना लाज वाटायला हवी होती. मला हलकं वाटलं.

तो सोमवार मी पुढे ढकलला. आधी पाऊस, मग माझा गुडघा. कारणांना काय तोटा? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ते उगाच नाही. तीन महिन्यांनी नेलं, तेव्हा बाई त्याच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. आता भूल सोसणार नाही म्हणाल्या आणि दुखणं कमी करायच्या गोळ्या लिहून दिल्या.

हल्ली मी भाकरी दह्यात कुस्करून त्याला देतो. तो एका बाजूने चघळतो, मध्येच कण्हतो, पंजाने तोंड घासतो. वाटी संपली की माझा हात चाटत बसतो. मी त्याचे लाड करतोय, असं त्याला वाटत असावं.