काकी, बसा मागं

करंजाड्याच्या नाक्यावरचा आमचा मेकॅनिक भारी हट्टी. गाडी त्याच्या समोर बंद पडल्याशिवाय तो पान्याला हात लावत नाही. आमची जुनी मोटरसायकल मी मागे बसले की मधेच कधीतरी बंद पडायची, म्हणून आमच्या ह्यांनी मला न्यायचंच सोडलेलं. तो म्हणाला, "काकी, बसा मागं," आणि मला घेऊन खड्डे शोधत हिंडला, बाई! शेवटी गाडी थांबली.

"गावली!" तो ओरडलाच.

सीटखाली इग्निशनची वायर सोलली होती. वजनाने दबून लोखंडाला टेकायची. ती नीट बांधून तो ह्यांना म्हणाला, "काका, काकींना घेऊनच फिरा आता. त्याशिवाय मला समजनार कसं, बरी झाली का ते?"

"रोज?"

"रोज."