एकच वाक्य बोलणारं गाव

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच म्हणा तुम्ही, पण निदान तोंडातला चहा गिळून घ्या. ठरत आलेलं लग्न मी माझ्याच पायांनी कसं घालवलं, ते ऐका.

मी कन्हेरीचा. ढोबळी मिरचीचं शेडनेट, वय चौतीस. शेती करणाऱ्या पोराला या वयात मुलगी मिळणं किती अवघड, हे वेगळं सांगायला नको. त्यात कळंबचं स्थळ आलं. शुभांगी. शिकलेली, वर शेतकरीच हवा म्हणणारी! फोटो बघून मी दोन दिवस मिरचीला पाणी सोडायचं विसरलो. मला तीच हवी होती.

आता माझं एक व्यसन. तंबाखू नाही हो! मोबाईलवरचा जपानी खेळ. सात भागांची मालिका, सातही मी संपवलेत. प्रत्येक भागात काळ वेगळा, माणसं वेगळी, पण कथेचा सांगाडा तोच. हिरो परक्या गावात जातो. गावात सामसूम. जो भेटेल तो एकच वाक्य बोलतो. कारण? ती माणसं कधीच मेलेली असतात, आणि गावातली एक दुखावलेली मुलगी त्यांना सोडत नसते. एखाद्याला चारदा विचारलं की चौथ्यांदा वाक्य बदलतं. मग ती मुलगी भेटते. तिला तिचं खरं नाव विचारायचं, म्हणजे ती सुटते. तिसऱ्या भागाच्या शेवटी मी शेडनेटमध्ये बसून रडलोय. खोटं कशाला सांगू?

तर, बघायला जायच्या आधी गावात गुपचूप चौकशी करायची आपल्याकडची रीत. मामा म्हणाला, "बघायला चारला बोलावलंय." मी म्हटलं, आधी चौकशी करू, गावाला बेसावध गाठावं. एक वाजताच पोचलो.

एप्रिलचं ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नाही. एक कुत्रं सावलीत पडलेलं, त्यानं माझ्याकडं पाहिलं, पण भुंकलं नाही. दुकानाच्या पायरीवर एक म्हातारे आबा बसले होते.

"आबा, शुभांगीचं घर कुठं हो?"

"पोरगी गुणाची. कुणाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय."

"बरं. पण घर?"

"पोरगी गुणाची. कुणाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय."

नजर समोरच्या भिंतीवर. पापणी हलत नव्हती.

पुढं गिरणी. गिरणीवाला भुवयांपर्यंत पिठानं पांढरा. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "पोरगी गुणाची." तोच सूर, थांबायची जागाही तीच! कळशी घेतलेली एक बाई समोरून आली. तिला तर मी काही विचारलंच नाही. ती थांबली, ते वाक्य म्हणाली आणि निघून गेली.

भर उन्हात मला गार घाम फुटला.

शेवटच्या घरासमोर बाजेवर कुरडया वाळत होत्या, शेजारी काठी घेऊन आजी. तिला मी विचारलं. एकदा, दोनदा, तीनदा. तेच वाक्य. मग चौथ्यांदा विचारलं.

आजीनं मान वर केली. "घरीच हाय ती. तुमच्यासाठीच तयार व्हतीया. जावा आत."

मी कोण, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं!

तिथूनच माघारी फिरायला हवं होतं ना? पण फोटो आठवला. चपला काढून अंगणात गेलो. पेरूच्या झाडाखाली ती पाठमोरी बसली होती. ओले केस कमरेखाली सोडलेले. घरातून कुणाचा आवाज नाही.

मी कसाबसा म्हणालो, "तुझं... खरं नाव काय?"

ती सावकाश वळली. चेहरा राखेसारखा करडा, त्याला भेगा पडलेल्या. ओठ न हलवता आवाज आला.

"बायोडेटात... हाय की."

पळालो! गाडीपाशी आलो तर किल्लीच लागेना, पाच-सात मिनिटं झटलो. वळून पाहिलं तर ती माझ्याच मागं येत होती. हातात काहीतरी काळं. आणि चेहरा बदललेला! उजळ, देखणा, फोटोतल्यासारखा. अहो, सातही भागांत शेवटी हेच होतं! ती देखणं रूप घेते, आणि तेच रूप जास्त घातक असतं. मी गाडी तिथंच टाकली आणि उसातनं अनवाणी पळत सुटलो.

संध्याकाळी मामाचा फोन आला.

"आरं येड्या, आधीची दोन स्थळं त्या दुकानावरच्या आबाच्या बडबडीनं मोडली. म्हणून तिच्या बापानं अख्ख्या गावाकडनं एक वाक्य पाठ करून घेतलं हुतं! तुझा फोटो समद्यांनी बघितलेला. अन् ती तोंडाला मुलतानी माती लावून बसलेली. वाळल्यावर बोलता येतं व्हय?"

मी म्हटलं, "मामा, सांग की त्यांना. मला भूत वाटलं म्हणावं."

"सांगितलं. बाप तर हसला. म्हणला, असू द्या, भितंय पोरगं."

"मग जमलं?"

"पोरगी न्हाय म्हणती."

"का?"

"ती म्हणती, माती बघून पळालं त्याचं मला काय न्हाय. पर तोंड धुऊन मी त्यांच्या चपला द्यायला गेले, तवा त्यांनी मला नीट बघितली. अन् तवा तर जास्तच जोरात पळालं!"